रोमच्या तळची भुई

ज्या नगरात माणसाची वस्ती अडीच हजार वर्षांहून अधिक काळ अखंड नांदत आली, त्या नगराखाली मुळात कोणती भूमी होती, तिच्यावरच्या टेकड्या किती उंच होत्या, ओढे कोणत्या वाटेने वाहत, दलदल कोठे होती आणि नदीचा काठ कोठवर पोहोचत असे, हे शोधून काढण्याचा उद्योग शक्य आहे काय आणि इष्ट आहे काय, या दोन प्रश्नांवरून माझ्या दोन स्नेह्यांमध्ये जो वाद झाला, तो त्या दोघांच्याही अनुमतीने येथे उतरवीत आहे. नानांची सारी हयात भूमापन खात्यात गेली. साखळी, दुर्बीण आणि समपातळीचे दगड यांच्याशी ज्याचा चाळीस वर्षे संबंध आला, त्याची दृष्टी घरापेक्षा घराच्या जोत्याकडे आधी वळावी हे स्वाभाविकच आहे. भाऊसाहेब महाविद्यालयात इतिहासाचे अध्यापन करीत होते आणि लॅटिन ग्रंथकारांचा त्यांचा व्यासंग जुना आहे. वादाला विषय झाला तो रोमचा, आणि ते यथायोग्यच होते. कारण नगराखालची आदिम भूमी कागदावर पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न जितक्या चिकाटीने रोममध्ये झाला, तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. जोव्हान्नी बात्तिस्ता ब्रोक्की या भूशास्त्रज्ञाने रोमच्या भूमीच्या नैसर्गिक स्थितीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून, नगर स्थापन झाले त्या काळी ही जमीन कशी असेल याचा नकाशा प्रसिद्ध केला, तो १८२० मध्ये.

भाऊसाहेब : नाना, ब्रोक्कीच्या परिश्रमांविषयी मला आदर आहे. परंतु माझी शंका मूळ हेतूविषयीच आहे. नगर म्हणजे माणसांनी बांधलेली वास्तू, केलेले कायदे, पाळलेले सण आणि जपलेल्या आठवणी. त्यांच्या खाली चिखल होता की खडक होता, हे कळून आपल्या ज्ञानात कोणती भर पडते? आणि दलदलीची गोष्ट रोमन लोक विसरले होते असेही नाही. फोरमच्या, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाच्या, मध्यावर कुर्टियसचे तळे म्हणून एक कुंपण घातलेली जागा होती. साबाइन घोडेस्वार घोड्यासह तेथील चिखलात रुतला, ही कथा प्रत्येक रोमन मुलाला ठाऊक होती. कवी ओव्हिडने तर एका वृद्धेच्या मुखाने सांगितले आहे की, आज जेथे चौक आहेत तेथे पूर्वी पाणथळ होते. साक्षीदार हजर असताना आणि त्यांची जबानी लेखी उपलब्ध असताना जमिनीला भोके पाडण्याचे प्रयोजन काय?

नाना : जबानी आहे, भाऊसाहेब, पण तिची रुजुवात झालेली नाही. दलदल होती एवढे तुमचे साक्षीदार सांगतात. ती किती खोल होती, किती विस्ताराची होती, बारमाही होती की केवळ पुराच्या दिवसांतली होती, आणि ती कोणी, केव्हा व कशाने बुजवली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या अमदानीत, इसवी सन २०३ ते २११ या काळात, रोमचा एक प्रचंड नकाशा संगमरवरावर कोरून भिंतीवर बसवला होता. प्रमाण १ : २४०. त्यात घरांच्या खोल्या, जिने, दुकानांचे गाळे, खांबांच्या रांगा, सारा तपशील आहे. टेकड्यांची उंची मात्र नाही. साम्राज्याच्या राजधानीच्या दफ्तरानेच आपली भुई नोंदवली नाही, तर ती नोंद आपणच करायला हवी. आणि भुईच्या अनुरोधानेच नगराला आकार येतो. रोमच्या टेकड्या म्हणजे काही आकाशातून पडलेले सात डोंगर नव्हेत. आग्नेयेला आल्बन टेकड्यांचे आणि वायव्येला साबातिनीचे, असे दोन ज्वालामुखी काही लक्ष वर्षांपूर्वी राख ओकत होते. त्या राखेचे थर घट्ट होऊन टफ नावाचा मऊ, सहज कापता येणारा दगड तयार झाला, त्याचे पठार बनले, आणि टायबरला मिळणाऱ्या ओढ्यांनी ते पठार कापून काढले. ज्यांना आपण टेकड्या म्हणतो ते त्या पठाराचे उरलेले सुळके. तेव्हा ओढे आधी, टेकड्या नंतर. आणि ओढ्यांचा माग काढल्याशिवाय टेकड्यांचा अर्थ लागत नाही.

भाऊसाहेब : ओढ्यांचा माग तरी काढणार कसा? वर चर्च आहेत, प्रासाद आहेत, वाहतुकीचे रस्ते आहेत.

नाना : बोअर मारून. पोकळ नळी जमिनीत उतरवतात आणि तिच्यातून मातीची अखंड कांडी वर येते. लाकडी पेटीच्या खणांत ती मीटरामागून मीटर अशी क्रमवार मांडून ठेवतात. वरच्या खणांत विटांचा चुरा, चुन्याचे खडे, संगमरवराच्या कपच्या. त्याखाली कौलांचे तुकडे, कोळसा, खापऱ्या, एखादे हाड. कण लहानमोठे, एकमेकांत कालवलेले, कसलाही क्रम नसलेले. ही माणसाने आणून टाकलेली माती, म्हणजे भराव. आणखी खाली गेलो की एकदम राखाडी, बारीक गाळ लागतो; त्यात पातळ पातळ पट्टे असतात, गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख असतात, कुजलेल्या पाल्याच्या काळ्या रेषा असतात. हा नदीचा हात. आणि कोठे कोठे त्याच्याही खाली, जागच्या जागी झिजलेल्या टफची तांबूस माती. प्रत्येक थराचा माथा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे याची नोंद करायची, आणि अशा नोंदी पुरेशा जमल्या की त्या एकमेकींना जोडून जमिनीचा जुना उतार काढायचा. आमच्या खात्यात समपातळी रेषा काढण्याची हीच रीत. अंतर इतकेच की ही मोजणी उजेडातल्या जमिनीची नसून पुरलेल्या जमिनीची असते.

भाऊसाहेब : रीत मला समजली. पण या रीतीच्या हाती निश्चय कितपत लागतो, याचे एक उदाहरण तुमच्यापुढे ठेवतो. पुरातत्त्वज्ञ जिआकोमो बोनी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फोरममध्ये खोल खड्डा घेऊन थरांचे सूक्ष्म आलेखन केले. पुढे त्या शतकाच्या मध्यास आइनार येर्स्टाड या स्वीडिश पंडिताने तेच ठिकाण पुन्हा तपासले, आणि तळच्या थरांत त्यांना झोपड्यांच्या जमिनी दिसल्या. त्या आधारे त्यांनी असे मांडले की येथे आधी झोपड्यांची वस्ती होती आणि इसवी सनपूर्व ५७५ च्या सुमारास ती मोडून फरसबंद चौक झाला. ‘प्राचीन रोम’ या विषयावर त्यांनी सहा खंड लिहिले. नंतर अमेरिकेचे अल्बर्ट ॲमरमन आले आणि १९९० मध्ये म्हणाले की त्या झोपड्या नव्हेतच, तो आणून टाकलेला भराव आहे. खड्डा तोच, माती तीच, आणि निवाडे दोन. मातीलाही भाष्यकार लागतो आणि भाष्यकारांत मतभेद होतात, तर माझ्या लिव्ही-ओव्हिडांना कमी लेखण्याचा अधिकार तुम्हाला कोठून प्राप्त झाला?

नाना : उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचे दिलेत. ॲमरमन यांनी केवळ वेगळे भाष्य केले नाही. येर्स्टाड यांनी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. ही जमीन किती उंचीवर होती? बोअरच्या नोंदींवरून त्यांनी दाखवले की फोरमच्या खोलगट भागाचा मूळ तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६ ते ७ मीटरांवर होता, आणि टायबरच्या नेहमीच्या पुराचे पाणी त्याच्यावर चढत असे. ज्या जागी पूर चढतो तेथे कोणता शहाणा माणूस झोपडी बांधील, आणि शेजारी पॅलेटाइन टेकडीचा कोरडा माथा मोकळा असताना? त्या माथ्यावर तर झोपड्यांचे खांब रोवण्यासाठी टफमध्ये कोरलेले खळगे १९४८ मध्ये सापडलेच आहेत. तेव्हा फोरमच्या तळाशी जी झोपड्यांची माती मिळाली, ती अन्य ठिकाणच्या मोडक्या वस्तीतून उचलून येथे आणून ओतलेली होती. इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तळ सुमारे दोन मीटरांनी उंचावून ९ मीटरांच्या आसपास आणला, आणि त्यावर पहिली खडीची फरसबंदी झाली. भरावाचा अंदाज किमान १०,००० घनमीटर.

भाऊसाहेब : आकडा ऐकायला मोठा आहे.

नाना : तो हातात धरून पाहा. एका पाटीत २५ लिटर माती मावते असे समजा. म्हणजे एका घनमीटराला चाळीस पाट्या आणि दहा हजार घनमीटरांना चार लक्ष पाट्या. चार लक्ष वेळा कोणीतरी वाकले, पाटी भरली, डोक्यावर किंवा खांद्यावर घेतली, उतारावरून चिखलापर्यंत नेली, रिकामी केली आणि परत फिरले. त्या वेळी फोरम नव्हता, सिनेटचे सभागृह नव्हते, लेखन तर नुकतेच रुजू लागले होते. निरनिराळ्या टेकड्यांवर निरनिराळी कुळे राहत होती. त्यांनी कोणाची एकाची नसलेली, पुरात बुडणारी, निरुपयोगी जागा एकत्र येऊन उचलून धरली, आणि तेथे सर्वांचा चौक केला. रोमचे नगरपण मी येथून मोजतो, भाऊसाहेब, रोम्युलसच्या नांगराच्या तासापासून नव्हे. आणि ही गोष्ट तुमच्या एकाही ग्रंथात नाही. ती केवळ मूळ तळ आणि वरची फरसबंदी यांच्या मधल्या दोन मीटरांत आहे.

या ठिकाणी भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मला स्वतःला नानांचे हे प्रतिपादन निःसंशय पटले, आणि ते पटण्याचे कारण एवढेच की येथे भूमीचा आलेख इतिहासाला केवळ पार्श्वभूमी पुरवीत नाही, तर एका मान्यवर पंडिताचा सिद्धान्त रद्द करून त्याच्या जागी अधिक मोठी घटना आणून उभी करतो. मात्र ‘एकाही ग्रंथात नाही’ हे नानांचे विधान भाऊसाहेबांना सहन होणारे नव्हते.

भाऊसाहेब : नाही कसे? इतिहासकार लिव्हीने पहिल्याच ग्रंथात सांगितले आहे की थोरल्या टार्क्विन राजाने फोरमच्या आसपासचे सखल भाग कोरडे केले, आणि धाकट्याने प्रजेला महानाल्याच्या खोदकामाला जुंपले. त्या कष्टांची प्रजेला चीड होती हेही तो लपवत नाही. पाट्या वाहणाऱ्यांची स्मृती ग्रंथात राहिली आहे, नाना. ती राजाच्या नावाखाली दडली असेल, पण पुसली गेलेली नाही. तुम्ही चार लक्ष पाट्यांचा हिशोब सांगितलात, पण त्या स्वेच्छेने वाहिल्या की हुकुमाने वाहिल्या हे तुमची कांडी कधीच सांगू शकणार नाही. ते सांगेल तर लिव्हीच सांगेल.

नाना : मान्य. एवढ्या बाबतीत तुमचा साक्षीदार अधिक जाणतो.

भाऊसाहेब : आता माझा मुख्य आक्षेप ऐका. तुम्ही ‘मूळ भूमी’ असा शब्दप्रयोग करता, जणू नगर येण्यापूर्वी भूमी निश्चल बसून होती आणि माणसाने येऊन तिला झाकून टाकले. पण शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा टायबरने खोल दरी कोरली, आणि समुद्र चढल्यावर तीच दरी गाळाने भरून आली. आज नदीकाठी तो गाळ सुमारे ६० मीटर जाडीचा आहे. यांतील कोणती भूमी मूळ? दरीची की गाळाची? बरे, नगर वसल्यानंतर तरी नदी स्वस्थ बसली काय? फोरम बोआरियममध्ये, म्हणजे गुरांच्या बाजाराच्या जागी, अलीकडे ज्या बोअर मारल्या त्यांवरून दिसते की आरंभीच्या काळी नदीचा काठ कॅपिटोलाइनच्या पायथ्याच्या बराच जवळ होता. तेथे सखल किनारा होता, नावा लागू शकत होत्या. पुढे गाळ झपाट्याने साचत गेला आणि पात्र पश्चिमेला सरकले. त्याच परिसरात सांत ओमोबोनो येथे इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या देवळाचा पाया तर आज भूजलाच्या पातळीखाली आहे. नदीनेच आपली भूमी बदलली. माणसाने केले ते त्याच्या जोडीने. मग निसर्ग कोठे संपतो आणि नगर कोठे सुरू होते, ही शीव तुम्ही कोणत्या आधारावर आखता?

नाना : शीव आखण्याचा माझा आग्रह नाही. तारीख घालण्याचा आहे. इसवी सनपूर्व नवव्या शतकातला उतार, सातव्या शतकातला उतार, ऑगस्टसच्या वेळचा उतार, असे निरनिराळे नकाशे असतील. त्यांपैकी पहिला पायाचा, म्हणून त्याचे मोल अधिक.

भाऊसाहेब : हे म्हणणे वेगळे झाले, आणि ते मला ग्राह्य आहे. परंतु ‘पायाचा म्हणून अधिक मोलाचा’ या एका वाक्यात जो धोका आहे, तो रोमने भोगलेला आहे. वेलियाची टेकडी आठवा. पॅलेटाइन आणि एस्क्विलाइन यांना जोडणारा हा लहानसा उंचवटा. १९३२ मध्ये मुसोलिनीच्या हुकुमाने वेनेझिया चौकापासून कोलोसियमपर्यंत सरळ रुंद मार्ग काढण्यासाठी तो कापून टाकला. प्राचीन वैभव मोकळे करतो आहोत या सबबीवर मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन घरे पाडली, तेथली माणसे दूरच्या वसाहतींत नेऊन टाकली. जो सर्वांत जुन्याला सर्वांत मोलाचे मानतो, त्याच्या हातून मधल्या शतकांचा बळी जातो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या चर्मकाराचे, वाण्याचे, शिंपिणीचे रोम हेही रोमच होते, आणि त्याच्या वाट्याला पंचनामा आला नाही.

नाना : वेलियाच्या बाबतीत माझे दुःख तुमच्याहून कमी नाही. उलट दुहेरी आहे. घरे गेली, आणि ज्या भुईविषयी आपण बोलतो आहोत ती भुईही गेली. त्या कापणीत प्राचीन हत्तीचे जीवाश्म निघाले, म्हणजे नगराच्या आधीचे थर तेथे शाबूत होते. ते नीट वाचायला कोणाला सवड नव्हती. मार्गाचे उद्घाटन २८ ऑक्टोबरला व्हायचे होते. आज वेलिया केवळ कागदावर पुन्हा रचता येते. तेव्हा ती टेकडी भूमीच्या प्रेमापायी गेली असे म्हणू नका. संचलनाला रस्ता हवा होता म्हणून गेली. बोअरचे छिद्र तळहाताएवढे असते, भाऊसाहेब. त्याने कोणाचे घर पडत नाही.

भाऊसाहेब : छिद्राने पडत नाही, हे खरे. आणि टेकडी कापण्याची खोड मुसोलिनीची एकट्याची नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सम्राट ट्रेजनने आपला चौक बांधताना क्विरिनल टेकडीचा उतार कापला आणि इसवी सन ११३ मध्ये उभारलेल्या स्तंभावर लेख कोरवला की, या कामासाठी किती उंचीचा डोंगर हटवला ते हा स्तंभ दाखवतो. तळखड्यासह तो सुमारे ३८ मीटर उंच आहे. आदिभूमीची उंची दगडावर नोंदवणारा हा बहुधा पहिला पुरुष.

नाना : आणि त्या नोंदीचीही रुजुवात करावी लागली. १९०६ मध्ये बोनींनी स्तंभाच्या पायाशी खणले, तेव्हा त्याखाली जुना रस्ता आणि आधीच्या बांधकामांचे अवशेष मिळाले. म्हणजे स्तंभ उभा आहे नेमक्या त्या जागी तेवढा उंच डोंगर नव्हता. लेख बोलतो तो बाजूच्या कापलेल्या उताराविषयी. लेख खोटा नाही, पण त्याचा अर्थ जमिनीला विचारूनच घ्यावा लागतो. आणि जेथे डोंगर हटवले तेथे डोंगर रचलेही. टेस्टाच्चो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्यावर गवत उगवते, पण ती आहे मुख्यतः दक्षिण स्पेनमधून तेल घेऊन आलेल्या मोडक्या मातीच्या कुंभांची. अशा ठिकाणी डोळ्यांवर विसंबून कसे चालेल?

वाद येथे थांबला, संपला नाही. माझे मत विचाराल तर, भाऊसाहेबांनी नानांच्या हातून ‘मूळ’ हा शब्द काढून घेतला आणि त्याच्या जागी तारीख ठेवायला लावली, हा त्यांचा विजय होय. ज्या नकाशावर काल नोंदलेला नाही, तो नकाशा कितीही सुबक असला तरी कल्पनाचित्रच समजला पाहिजे. परंतु भूमी शोधावी की नाही या मुख्य प्रश्नावर निवाडा नानांच्या बाजूने द्यावा लागतो. ग्रंथकारांनी राजांची नावे राखली. चार लक्ष पाट्यांची नोंद राखली ती चिखलाने, आणि आधी तो तळ किती खोल होता हे ठरवल्याखेरीज ती वाचता आली नसती.

एक व्यावहारिक गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. रोमच्या पोटातील भूमीविषयी जे ज्ञान जमले, त्याचा फार मोठा भाग विद्वानांनी मुद्दाम मारलेल्या बोअरांतून आलेला नाही. तो इमारतींचे पाये, नदीकाठचे बांध, गटारे आणि भुयारी रेल्वे यांच्या निमित्ताने अभियंत्यांनी केलेल्या वेधनांच्या नोंदींतून आलेला आहे. १८७० च्या डिसेंबरात टायबरचा पूर नगरात शिरला, त्यानंतर १८७६ पासून काठाच्या भिंती उभारल्या गेल्या, तेव्हाही काठ खणला गेला; आणि भुयारी रेल्वेच्या तिसऱ्या मार्गावरील सान जोव्हान्नी स्थानकात, २०१८ पासून, खोदकामात लागलेले थर प्रवाशांना पायऱ्या उतरता उतरता क्रमाने दाखवले आहेत. खोदकाम व्हायचेच असते; प्रश्न असतो तो नोंद राहते की नाही याचा. म्हणून ज्यांच्या हातात कोणत्याही जुन्या गावातील पायाखोदणीचे, विहिरीचे वा पुलाचे काम असेल, त्या अभियंत्यांना आणि कंत्राटदारांना माझी विनंती आहे की, किती खोलीवर कोणती माती लागली याचा कागद काम संपल्यावर रद्दीत टाकू नये. ठिकाण, तारीख आणि समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर स्वच्छ लिहून तो नगरपालिकेच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या दफ्तरी दाखल करावा.